मातीला उसंत हवी

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि सीनाकाठी पिके तर नेलीच. कित्येक शिवारांतील मातीही खरडून नेली. पीक एका हंगामाचे असते, माती ही पिढ्यांची ठेव असते.

जेथे माती राहिली, तेथील घाव डोळ्यांना दिसत नाही. काळ्या रानात पाणी साचले की मातीतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, नत्राचा ऱ्हास होतो. अशा ओल्या रानात घाईने ट्रॅक्टर घातला, तर माती दबून घट्ट होते. म्हणून प्रथम चर काढून पाण्याला वाट द्यावी आणि वाफसा येईपर्यंत थांबावे. शेणखत घालावे. पुढील पावसाळ्याच्या आरंभी ताग वा धैंचा पेरून, फुलोऱ्यावर येताच, ४५ ते ५० दिवसांनी गाडावा. खरडलेल्या रानात गाळमाती भरली, तरी तिलाही हेच सेंद्रिय बळ द्यावे लागते.

परंतु ज्याच्या डोक्यावर कर्ज आणि कणगी रिकामी, त्याने थांबावे कसे? मातीला उसंत हवी असेल, तर शेतकऱ्यालाही ती मिळायला हवी. मदत पूर ओसरेपर्यंतच नव्हे, तर रान पुन्हा पिकेपर्यंत पोहोचली पाहिजे. हे कर्तव्य केवळ शासनाचे नाही. त्या रानाचे अन्न खाणाऱ्या समाजाचेही आहे.