आहारशुद्धी आणि पाकिटावरील बारीक अक्षरे

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन घराच्या स्वयंपाकघरात पूर्वी अनोळखी वस्तू येतच नसे. धान्य निवडून दळले जाई, पाणी गाळून भरले जाई, पीठ किती दिवसांचे आहे हे गृहिणीला तोंडपाठ असे आणि सूर्यास्तापूर्वी चूल विझे. भक्ष्य आणि अभक्ष्य यांच्यातील रेषा उंबरठ्याइतकी स्पष्ट होती, कारण वस्तू डोळ्यांना दिसत होती. आज त्याच घरात बिस्किटांचे पाकीट, नातवाचे चॉकलेट, तरुण मुलाची प्रोटीन पावडर आणि आजींच्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल येतात. त्यांतील घटक दिसत नाहीत. ते पाकिटाच्या मागील बाजूस, चष्मा लावूनही कष्टाने वाचता येतील अशा अक्षरांत छापलेले असतात. त्या अक्षरांत वारंवार भेटणारे नाव म्हणजे सोयाबीन.

मराठवाडा-विदर्भाला सोयाबीन नवे नाही. लातूरच्या बाजारात त्याचा भाव काय निघाला याकडे हजारो शेतकऱ्यांचे डोळे लागलेले असतात. या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. मोठ्या कारखान्यांत हे तेल बहुधा हेक्झेन नावाच्या द्रावकाने काढतात व नंतर ते द्रावक उडवून लावतात. उरलेल्या कच्च्या तेलात गरम पाणी मिसळले की एक चिकट गाळ वेगळा होतो. तो वाळवला की लेसिथिन तयार. जो गाळ तेलातून काढून टाकणे भाग होते, त्यालाच बाजारभाव मिळाला. व्यापारात याहून चांगला सौदा विरळाच! तेल आणि पाणी एकजीव राखणे हा लेसिथिनचा गुण. चॉकलेटमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास घातले तरी मिश्रण पातळ राहते आणि महागडे कोको बटर वाचते. बिस्किटे, पाव, आईस्क्रीम, झटपट विरघळणारी दूध पावडर यांतही त्याचा वावर आहे. पेंडीतील प्रथिने पावडरींत आणि तयार सूपच्या मसाल्यांत जातात. पुष्कळ गोळ्यांतील ई जीवनसत्त्वही सोयाबीन तेल शुद्ध करतानाच हाती लागते.

सोयाबीन ही वनस्पती आहे, मग श्रावकाने चिंता का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. चिंता सोयाबीनची थोडी आणि त्याच्या सोबत्यांची अधिक आहे. ‘लेसिथिन’ हा शब्दच मुळी अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या ग्रीक नावावरून आला. एकोणिसाव्या शतकात गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम बलकातूनच वेगळे केले. आजही ते सोयाबीनचे, सूर्यफुलाचे किंवा अंड्याचे असू शकते आणि तिन्हींचा क्रमांक एकच, ३२२! क्रमांक ४७१ चे तसेच. तो पदार्थ सोयाबीन वा पाम तेलापासून बनतो, तसाच प्राण्याच्या चरबीपासूनही बनू शकतो. आकड्याला मूळ विचारता येत नाही. कापडाच्या ताग्यावर सूत किती आणि पॉलिएस्टर किती हे छापलेले असते. येथे मात्र ‘धागा’ एवढेच लिहून दुकानदार मोकळा होतो. ज्येष्ठांना १९८३ सालचे वनस्पती तुपातील गाईच्या चरबीचे प्रकरण आठवत असेल. त्या वेळी कित्येक घरांनी डबेच्या डबे ओतून दिले होते.

यावर शासनाचे उत्तर म्हणजे २००१ सालापासून पाकिटावर आलेले हिरवे चिन्ह. ते निःसंशय उपकारक आहे. ३२२ क्रमांकाचे लेसिथिन अंड्याचे असेल तर त्या पाकिटावर हिरवा ठिपका लावता येत नाही. मांसाहारी पदार्थासाठी आता तपकिरी वर्तुळाऐवजी तपकिरी त्रिकोण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही बजावले की केवळ क्रमांक पुरेसा नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड झाले पाहिजे, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो. परंतु हिरवा ठिपका म्हणजे जैन आहार नव्हे. कांदा, लसूण, बटाटा त्यात बसतात. मध बसतो, मधमाश्यांचे मेण बसते आणि लाखेच्या किड्याच्या स्रावापासून केलेली चकाकी, शेलॅक, हीदेखील नियमानेच बसते. कायद्याची व्याख्या एक आणि श्रावकाचे व्रत दुसरे.

औषधाच्या बाबतीत तर हा ठिपकाही नसतो. एका घरातील हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. वर्षीतप पूर्ण केलेल्या एक वयोवृद्ध श्राविका अशक्तपणासाठी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेत होत्या. सूनबाई दक्ष, त्यांनी दुकानात चौकशी केली होती. आतील तेल सोयाबीनचे, जीवनसत्त्वही सोयाबीनचेच, असे ऐकून त्यांचे समाधान झाले. चार महिन्यांनी औषधशास्त्र शिकणाऱ्या नातवाने सहज खोके वाचले आणि वाचता वाचता तो थांबला. कवच जिलेटिनचे होते, म्हणजे जनावरांच्या हाडे-कातड्यांपासून केलेले. आजी कोणावर रागावल्या नाहीत. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उपाश्रयात जाऊन त्यांनी महाराजसाहेबांकडे आलोचना घेतली. सूनबाईंच्या डोळ्यांचे पाणी मात्र पुष्कळ दिवस खळले नाही. आतले तपासले, बाहेरचे राहून गेले.

सौंदर्यप्रसाधने आणि जीवरक्षक नसलेली औषधे यांवर असे चिन्ह असावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१३ मध्ये रद्द केला. तात्पर्य, औषधाच्या खोक्यावर चिन्ह शोधणे व्यर्थ. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांना मात्र अन्नाचे नियम लागू असल्याने त्यांवर चिन्ह असते. एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांचे कायदे निराळे, हे ग्राहकाला कोण सांगणार?

आरोग्याच्या बाजूने बोलायचे तर सोयाबीनविषयी भीती आणि भक्ती दोन्ही अवास्तव वाढल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९९ मध्ये, दररोज २५ ग्रॅम सोया प्रथिने हृदयविकाराचा धोका कमी करू शकतात, असे पाकिटावर लिहिण्यास अनुमती दिली. २०१७ मध्ये, पुरावा तितका ठाम नाही म्हणून, ती मागे घेण्याचा प्रस्तावही त्यांनीच मांडला. उलट सोयाबीनमुळे पुरुषांचे संप्रेरक बिघडते, हा समज सर्वसाधारण प्रमाणाबाबत संशोधनात टिकलेला नाही. दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. काहींना, विशेषतः लहान मुलांना, सोयाबीनची अ‍ॅलर्जी असते. म्हणूनच सोया असल्याची सूचना पाकिटावर स्वतंत्रपणे द्यावी लागते. आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोया प्रथिनांची पावडर गोळीच्या जोडीने घेऊ नये, कारण गोळी अंगी लागण्यात अडथळा येतो. किती अंतर ठेवावे हे वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

आणखी एक प्रश्न चौकातल्या चर्चेत नेहमी निघतो. सोयाबीन द्विदल मानावे काय, आणि कच्च्या दूध-दह्याबरोबर ते वर्ज्य ठरते काय? दाण्याची दोन दले होतात आणि त्यातून तेल निघत नाही ते द्विदल, अशी परंपरागत व्याख्या आहे. सोयाबीनची दोन दले होतात, पण तेल तर भरपूर निघते. याचा निर्णय व्यापाऱ्यांनी तागडीत तोलून देण्यासारखा नाही. तो गुरुभगवंतांकडूनच घ्यावा.

ट्रस्टच्या भोजनशाळेत आणि स्वामीवात्सल्यात आता तयार पदार्थ येऊ लागले आहेत. तेथे एक वही ठेवता येईल. प्रत्येक पाकिटावर उत्पादकाचा ग्राहकसेवा पत्ता असतो. ३२२ आणि ४७१ कशापासून केले, एवढे एका ओळीचे पत्र चातुर्मासापूर्वी दोन महिने पाठवावे आणि लेखी उत्तर वहीत चिकटवावे. ज्याचे उत्तर येणार नाही तो माल घेऊ नये. औषधाच्या दुकानात सेल्युलोजचे कवच असलेली कॅप्सूल किंवा साधी गोळी मिळेल का, हे आधी विचारावे, पुष्कळदा मिळते. ती नसेल तर मनाने औषध बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारावा. आणि वही भोजनशाळेच्या दारातच टांगावी, म्हणजे घरोघरच्या सूनबाईंना ती येता-जाता पाहता येईल.