आगोटीची बेगमी

माझ्या अम्मीचं माहेर कोकणातलं, महाडकडचं. लग्न होऊन घाट चढून ती आमच्या जावळी खोऱ्यात आली, तेव्हा एक शब्द सोबत घेऊन आली. 'आगोट'. मृगाच्या आधीचे ते पंधरा-वीस दिवस. या दिवसांत आमच्या घरात कुणालाही स्वस्थ बसायची मुभा नसे. मिरच्या वाळवायच्या, कांडायच्या, मीठ मडक्यात भरायचं, सुकी मासळी डब्यात बंद करायची, कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या, सरपण पडवीत रचायचं. एकदा पाऊस लागला की ओढ्याला पूर, वाट बंद आणि बाजारही बंद. घरात आहे तेवढ्यावरच भागवायचं. अम्मी एकेक डबा उचलून बघायची. उघडायची नाही, नुसता हातानं जोखायची. त्या वजनावरून तिला कळायचं, हे श्रावणापर्यंत पुरेल की नाही.

आज मला बोलायचं आहे ते अशाच बेगमीबद्दल. पण ती माणसांची नव्हे, मधमाश्यांची.

माझे अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी परसात दोन मधपेट्या ठेवल्या होत्या. पेट्यांत माश्या होत्या सातेरी जातीच्या. आग्या माशी उघड्यावर, उंच कड्याला किंवा झाडाला पोळं लावते. सातेरी राहते झाडाच्या ढोलीत, अंधारात, म्हणून ती पेटीत नांदते. पेटीला दोन मजले. खालच्या मजल्यावर राणीमाशी अंडी घालते, पिल्लं वाढतात आणि त्यांच्याभोवती घरखर्चाचा मध असतो. वरच्या मजल्यावर जास्तीचा मध. माणसानं वरचा घ्यावा, खालच्याला हात लावू नये. हा सगळ्या मधपाळांचा पहिला नियम. आम्हाला तो शिकवला शेजारच्या तात्यांनी.

महाबळेश्वर-जावळीच्या रानात जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात ते उन्हाळ्यात. तेव्हा माश्यांची चंगळ. पण जून उजाडला की चित्र पालटतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. माशीला उडता येत नाही, जे थोडं फुलतं त्यातला मकरंद धुऊन जातो. आपल्याकडच्या या माश्यांचा खरा कडक ऋतू थंडीचा नव्हे, पावसाचा. त्यांचीही आगोट असते. फरक इतकाच, की त्यांनी साठवलेल्या डब्यांवर आपला डोळा असतो.

माझाही होता. मी तेव्हा नववीत गेलो होतो आणि मला सायकल हवी होती. मे महिन्यात अब्बा शिक्षकांच्या शिबिराला गेले होते. वरच्या मजल्याचा मध आधीच काढून झाला होता. मी एका संध्याकाळी धूर केला आणि एका पेटीचा खालचा मजला उघडला. पिल्लांच्या वर, चौकटींच्या माथ्याला, जाड मधाची पट्टी होती. सुरीनं ती कापून घेतली. दोन बाटल्या भरल्या. महाबळेश्वरच्या रस्त्यावर पर्यटकांना विकल्या. पैसे सायकलीला पुरले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पंधरा दिवसांनी पाऊस लागला. तात्या घोंगडी घेऊन परसात आले, त्यांनी पेटी मागून किंचित उचलली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गुरुजींच्या पोरा, त्यांच्यापुरतं काय ठेवलंस?"

मी गप्प राहिलो. तात्यांनी उपाय सांगितला : साखर-पाणी समभाग घेऊन पाक कर, रोज संध्याकाळी वाटीभर पेटीच्या आत ठेव, वर काटक्या टाक म्हणजे माश्या बुडणार नाहीत. पण साखर तेव्हा रेशनवर मिळायची आणि ती अम्मीच्या नजरेखाली असायची. मागायची तर कबूल करावं लागलं असतं. मी गुळाचं पाणी केलं. ते दिवसाढवळ्या पेटीच्या दारातच ठेवलं, घाईत थोडं सांडलंही. मुंग्या आल्या. दुसऱ्या पेटीच्या माश्या आल्या आणि दारातच मारामारी जुंपली. आठवड्याभरात पेटीच्या फळीवर घाणीचे पिवळे-तपकिरी डाग दिसू लागले. श्रावणात उघडून बघितलं तर आत माश्या नव्हत्या. रिकाम्या पोळ्यांवर मेण खाणाऱ्या किडीची जाळी होती आणि तळाला मूठभर मेलेल्या माश्या. उरलेल्या पेटी सोडून निघून गेल्या असाव्यात. सातेरी उपाशी पडली की असं घर सोडते. पण भर पावसात निघालेल्या त्या माश्या कुठे पोचल्या असतील, हे सांगायला नको.

अब्बा रागावले नाहीत. त्यांनी रिकामी पेटी धुऊन उन्हात ठेवली आणि ती पुन्हा कधी भरली नाही. मला मार बसला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पुढे मी बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. कवितेत मधमाशी आली की ती फुलावरच बसलेली असते. तिच्या भुकेवर कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नाही.

मग २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी मुलीकडे इंग्लंडला गेलो. ती तिथे यॉर्कशरमधल्या एका गावात राहते, रुग्णालयात नोकरी करते. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्या बागेत मधमाश्यांच्या सहा पेट्या. पहिल्याच संध्याकाळी मी कुंपणावरून बघितलं तर ते एकेका पेटीमागे जाऊन ती एका हातानं किंचित उचलत होते आणि पाटीवर काहीतरी लिहीत होते. मला क्षणभर तात्याच दिसले, आणि त्यांच्यामागे डबे जोखणारी अम्मी.

मी ओळख करून घेतली. पुढचे तीन आठवडे मी त्यांचा बिनपगारी मदतनीस होतो.

तिकडची माशी वेगळी, आकारानं सातेरीहून मोठी. तिचा वैरी पाऊस नव्हे, हिवाळा. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जवळजवळ काही फुलत नाही. काही प्राणी अशा वेळी झोपी जातात. मधमाशी झोपत नाही. साऱ्या माश्या एकमेकींना बिलगून एक गोळा करतात, मध्ये राणी. पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून ऊब निर्माण करतात. बाहेरच्या थरातल्या माश्या हळूहळू आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. बाहेर बर्फ असलं तरी गोळ्याच्या गाभ्यात ऊब टिकते. त्या घर तापवत नाहीत, एकमेकींना तापवतात. या शेगडीचं सरपण म्हणजे मध.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. पण शरद ऋतूत जन्मलेल्या माश्या वेगळ्या घडणीच्या असतात. त्यांच्या शरीरात चरबीचा साठा जास्त असतो आणि त्या पाच-सहा महिने जगतात. पुढचा वसंत बघायचा तो त्यांनीच. म्हणून शरदातली हयगय चालत नाही. नर माश्यांना तर याच सुमारास पेटीबाहेर हाकलून देतात. बेगमीत त्यांना वाटा नाही. हे ऐकून माझी मुलगी जरा जास्तच मोकळेपणानं हसली.

तिकडे एका वसाहतीला हिवाळा काढायला साधारण अठरा ते वीस किलो मध लागतो. मालकानं मध काढल्यावर जेवढी तूट राहील ती साखरेच्या पाकानं भरायची. हा पाक दाट हवा : दोन किलो साखरेला साधारण एक लिटर पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात समभाग पातळ पाक देतात, कारण तो माश्या लगेच पितात. तिकडे तो साठवायचा असतो. त्यातलं पाणी पंखांच्या वाऱ्यानं उडवून, मधासारखा दाट करून, वर मेणाचं झाकण घालायचं असतं. त्या कामाला ऊब लागते. थंडी पडल्यावर पाक दिला तर तो तसाच पातळ राहतो आणि आंबतो. म्हणून सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे काम आटपायचं.

मी त्यांना विचारलं, "गूळ चालतो का?"

ते म्हणाले, "गूळ नको, तपकिरी साखरही नको. फक्त पांढरी साखर." कारण त्यांनी समजावून सांगितलं. मधमाशी पेटीत घाण करत नाही, शौचाला बाहेर उडून जाते. थंडीत आठवडेच्या आठवडे तिला बाहेर पडता येत नाही. गुळात, कच्च्या साखरेत न पचणारा भाग जास्त. तो पोटात साठतो आणि माशीला हगवण लागते. पेटी आतून बरबटते आणि वसाहत आजारी पडते.

श्रोतेहो, मी त्या बागेत उभा होतो, पण डोळ्यांपुढे होते आमच्या परसातल्या फळीवरचे पिवळे-तपकिरी डाग. इतक्या वर्षांनी मला त्यांचा अर्थ कळला. बाकीच्या चुकाही तिथेच उमगल्या. पाक द्यायचा तो संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर. पेटीच्या आत, वरच्या झाकणाखाली. थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही, कारण त्या वासावर दुसऱ्या पेट्यांच्या माश्या आणि गांधीलमाश्या लुटायला येतात. दरवाजा इतका अरुंद करायचा, की दोन-चार पहारेकरणींनाही तो राखता यावा. हे सगळं तात्यांनी चार वाक्यांत सांगितलं होतं. मी लाजेपोटी ऐकलं नव्हतं.

बेगमी म्हणजे नुसतं खाणं नव्हे, हेही तिथे कळलं. मध काढल्याबरोबर व्हरोआ या गोचिडासारख्या परजीवीवर उपचार करायचा, नाहीतर हिवाळी माश्या रोगट जन्मतात. ही कीड मुळात आपल्या सातेरीच्या कुळातली. सातेरी तिच्याशी जुळवून घेऊन जगते. पण ती परदेशी माशीवर गेली आणि जगभर पसरली. ब्रिटनमध्ये १९९२ साली पोचली. मग उंदीर शिरू नयेत म्हणून दारावर जाळी. वरचं छप्पर गळू द्यायचं नाही, कारण कोरडी थंडी माशी सोसते, ओल सोसत नाही. आणि सगळ्यात वाईट मरण कोणतं? शेजारच्या चौकटीत मध असतो, पण कडाक्याच्या थंडीत माश्यांचा गोळा तेवढं अंतरही सरकू शकत नाही. बोटभर अंतरावर अन्न असताना त्या उपाशी मरतात. म्हणून जानेवारीनंतर गरज पडली तर साखरेची मऊ वडी थेट त्यांच्या डोक्यावर ठेवतात. बेगमी असून भागत नाही, ती हाताशी असावी लागते.

मी त्यांना थोडं टोचून विचारलं, "तुम्ही मध घेता आणि साखर देता. हा सौदा बरोबरीचा आहे का?"

त्यांनी वेळ घेतला. म्हणाले, "बरोबरीचा नाही. साखरेवर त्या हिवाळा नीट काढतात, पण मधात आणि परागात आहे ते सगळं साखरेत नसतं. म्हणून मी आधी त्यांचा वाटा ठेवतो, मग माझा घेतो, आणि तूट पडली तरच साखर." दुसरा नियमही सांगितला : मध गोळा होत असताना, वरचा मजला चढवलेला असताना, साखर कधीच द्यायची नाही. तेव्हा दिलेला पाक मधात जातो आणि गिऱ्हाईक फसतं. आपल्याकडे मधाच्या भेसळीची चर्चा होते, तेव्हा मला हा नियम आठवतो. तीच साखर पावसाळ्यात दिली तर दया, आणि बहरात दिली तर लबाडी.

कुराणातल्या सोळाव्या सुऱ्याचं नाव 'अन्-नह्ल', म्हणजे मधमाशी. लहानपणी मौलवीसाहेब सांगत, त्यात माशीला डोंगरात, झाडांत आणि माणसांनी बांधलेल्या जागांत घर करायला सांगितलं आहे, आणि तिच्या पोटातून निघणाऱ्या पेयात माणसांसाठी गुण आहे. मी त्या वयात फक्त शेवटचा भाग ऐकला होता. आपण बहुतेक जण तेवढाच ऐकतो. घराचा भाग विसरतो.

परत आल्यावर मी गावी गेलो. तात्या केव्हाच गेले, अब्बाही नाहीत. आमच्या भागात आता मधाला चांगले दिवस आले आहेत. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तात्यांचा नातू पेट्या ठेवतो. त्यानं मला एक भरलेली पेटी दिली. मी पैसे विचारले तर म्हणाला, "चाचा, आजोबांची उधारी समजा." कुणाची उधारी कुणाकडे, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो हसला नाही, ते बरं झालं.

पहिल्या उन्हाळ्यात मी मध घेतलाच नाही. मृगाआधी पेटी मागून उचलून बघितली. जरा हलकी वाटली. पाऊस लागल्यावर आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीला, पांढऱ्या साखरेचा पाक वाटीत घालून आत ठेवला, वर काटक्या टाकल्या. अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. पडवीतून बघत होती. म्हणाली, "साखर किती घातलीस?" मी सांगितलं. ती उठली, आत गेली आणि डब्यातून आणखी एक वाटी साखर घेऊन आली. तेव्हा मी तिला ती नववीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. गुळाची ढेप कमी झाली होती ना. तू मागायला यावंस म्हणून मी वाट बघत होते."

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, मी पेटी उघडली. माश्या होत्या.