नाव एक, मुळ्या दोन



आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. कलाशाखा करून बँकेच्या काउंटरवर बसणारे. पण 'झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येते, म्हणून एका चिनी मुळीची हकिकत सांगतो.

फांगजी हे नाव सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या काढ्यांतही आहे. अंगावरची सूज आणि सांधेदुखी यांवर ही मुळी देतात. मात्र बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या वेलींची मुळे येत. एक स्टेफानिया, दुसरी अ‍ॅरिस्टोलोकिया. हिला ग्वांग फांगजी म्हणत. वाळवून काप केले की ओळखणे कठीण. दुसरीत जे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते, ते मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगही घडवते.

आम्ही बँकेत नुसते नाव जुळले म्हणून पैसे देत नाही, सही ताडून पाहतो. ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्याने १९९० पासून गोळ्यांत स्टेफानिया म्हणून जी पूड घातली, तिची सही कोणी ताडली नाही. १९९३ साली डॉक्टरांनी तरुण स्त्रियांच्या निकामी मूत्रपिंडांचा संबंध या गोळ्यांशी जोडला. पुढे रुग्णसंख्या शंभरावर गेली. मूत्रपिंडे काढलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. चीननेही २००४ साली ग्वांग फांगजीवर बंदी घातली.

सुजेची मुळी बारीक होण्यासाठी महिनोन्‌महिने खावी, हे कोणत्या जुन्या वैद्याने सांगितले होते? तरीही सारा दोष दवाखान्यावर टाकून चालणार नाही. औषधाने उलटी झाली तर वैद्याला त्याच दिवशी कळते. काही वर्षांनी होणारा कर्करोग कोणत्या मुळीने झाला, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवालाही कळत नाही.

आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसंद म्हणतात, ती याच कुळातली वेल. सर्पदंशावर तिचे मूळ देण्याची रीत आहे. तिच्यातही हेच आम्ल असते. साप चावला तर मूळ उगाळत न बसता सरकारी रुग्णालय गाठावे, तेथे प्रतिविष मिळते. पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसेल तर ती घरात आणू नये. असे चूर्ण कोणी बरेच दिवस घेत असेल, तर ते थांबवून डॉक्टरांना पुडी दाखवावी आणि रक्तातील क्रिएटिनिन व लघवी तपासून घ्यावी.