पुस्तकाला दुसरं घर हवं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात, माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या दालनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरातलं जास्तीचं काढून टाकणं हाच माझा धंदा. त्यामुळे वेळेची काळजी करू नका.

या दालनात बावीस पुस्तकं मांडली आहेत. सगळी आपल्या शाळेतल्या मुलामुलींची, आणि बहुतेक गेल्या दोन-तीन वर्षांत छापलेली. मघाशी टेबलाभोवती एक चक्कर मारली. कवितासंग्रह सहा आहेत, यात आश्चर्य नाही. नर्मदा परिक्रमा एक आहे, यातही नाही. पण एक रहस्यकथा आहे, तिच्यातला खून रात्रीच्या शेवटच्या कर्जत लोकलमध्ये होतो. एका मोटरमनच्या आठवणी आहेत. शेअर बाजार समजावून सांगणारं पुस्तक आहे, मधुमेह्यांसाठी पाककृती आहेत, मतिमंद मुलाला वाढवणाऱ्या आईचं अनुभवकथन आहे. आणि कोपऱ्यात एक चौसष्ट पानांचं, पिवळ्या मुखपृष्ठाचं बारकं पुस्तक आहे. त्याच्याबद्दल मी नंतर बोलणार आहे.

या बावीसपैकी एकोणीस पुस्तकांत एक गोष्ट सारखी आहे. आतल्या पानावर प्रकाशक म्हणून लेखकाचं स्वतःचं किंवा घरातल्याच कुणाचं तरी नाव आहे. म्हणजे पैसे भविष्यनिर्वाह निधीतून किंवा मोडलेल्या ठेवीतून आले आहेत.

स्वखर्चानं काढलेलं पुस्तक म्हटलं की आपल्याकडे एक हसू येतं. कुणी छापलं नाही म्हणून यानं छापलं! पुस्तक वाईट असेल तर जरूर हसा. पण मोठ्या प्रकाशनाचा शिक्का नाही म्हणून हसू नका. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’नं काढल्या. ती काही मोठी इमारत आणि विक्री विभाग असलेली संस्था नव्हती. मराठी कविता मात्र त्या पुस्तकानंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

आज छापणं सोपं झालं आहे. पूर्वी हजार प्रतींखाली छापखाना बोलायचा नाही, आता पन्नास प्रतीही निघतात. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. तो ‘मिळवून देण्याचे’ कुणी पैसे मागितले तर सावध व्हा. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. छापायचंच नसेल तर आपल्या ठाण्याचं ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ नवोदितांची पुस्तकं ई-पुस्तकाच्या रूपात वाचकांना फुकट देतं. म्हणजे पुस्तक निघण्याची अडचण आता उरलेली नाही. अडचण पुस्तक निघाल्यावर सुरू होते.

प्रकाशन समारंभ होतो. शाल, श्रीफळ, तीन भाषणं, बटाटेवडा. साठ प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटल्या जातात. उरलेल्यांचे गठ्ठे घरी येतात, महिनाभर दिवाणाखाली राहतात आणि मग माळ्यावर चढतात. आणि मंडळी, आपल्या डोंबिवली-कल्याणात आता प्रत्येक गल्लीत एक तरी इमारत पुनर्विकासाला गेलेली आहे. जागा रिकामी करण्याची तारीख येते, भाड्याच्या घराला माळा नसतो, मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो. मग रद्दीवाल्याला बोलावलं जातं. सप्रेम भेट दिलेल्या प्रतीही त्याच काट्यावर येतात, सहीसकट. माणसानं चार वर्षं लिहिलेलं पुस्तक किलोच्या भावानं जातं, आणि यात कुणाचा दुष्टपणा नसतो. त्या पुस्तकाला लेखकाच्या घराशिवाय दुसरं घरच नसतं, एवढंच.

दुसरं घर असलं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण देतो. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुरुष बाईला जे दोष लावतात ते पुरुषांत नाहीत काय, असं खणखणीत विचारणारं पुस्तक. त्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी बाईंची बाजू घेतली. ताराबाईंनी पुढे दुसरं पुस्तक लिहिल्याचं कुणाला माहीत नाही. हे पुस्तकही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, आणि आज त्याच्यावाचून स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगता येत नाही. मधली त्र्याण्णव वर्षं ते पुस्तक कुणी फारसं वाचत नव्हतं. पण कुठेतरी त्याची प्रत टिकून होती. पाचशेच्या पाचशे रद्दीत गेल्या असत्या, तर मालशे काय छापणार होते?

या बाबतीत आपण नशीबवान गावांत राहतो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. ते उभं करण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ त्यांनी पुढे लिहिलं, आधी मराठी पुस्तकांना घर बांधलं. साहित्य संमेलनंही आपण केली, ठाण्यात २०१० साली ८४ वं, डोंबिवलीत २०१७ साली ९० वं. संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो, कपाट मात्र दीडशे वर्षं उभं राहतं.

कायदाही हेच सांगतो. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चानं, चार ठिकाणी एकेक प्रत पोचवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. तुम्ही स्वतःच प्रकाशक असलात तर ही जबाबदारी तुमची. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत! दंडाला भिऊन कुणी पाठवणार नाही. पण फक्त चार प्रतींत तुमचं पुस्तक देशाच्या चार टोकांना सुरक्षित राहतं, याहून स्वस्त विमा मला माहीत नाही. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ आहे, तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला वीस रुपये आणि कर.

आता ते पिवळं पुस्तक. आपल्या एका मैत्रिणीनं ते केलं आहे. ती इथल्या सत्तावीस गावांपैकी एका गावातली. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, हळदीपासून प्रत्येक विधीला तिचं गाणं वेगळं. मैत्रिणीची आजी धवलारीण होती. आजीला लिहिता येत नव्हतं, आणि पुढे गावातल्या लग्नांत डीजे आला. मैत्रिणीनं बँकेतली नोकरी सांभाळून सात वर्षं रविवारी आजीजवळ बसून एकेक गाणं उतरवून घेतलं. आजी आता नाही. त्यातली काही गाणी आजीखेरीज गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पुस्तकाच्या प्रती दोनशे, आणि तिची इमारत येत्या मार्चमध्ये रिकामी व्हायची आहे. मघाशी मी तिला विचारलं, वाचनालयात किती प्रती दिल्यास? ती म्हणाली, ‘‘एकही नाही रे. आपलं पुस्तक कोण ठेवून घेणार, म्हणून विचारायलाच लाज वाटली.’’

ही लाज घालवणं हे आपलं, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांचं काम आहे.

लेखक मंडळींना माझं धंद्यातलं सांगणं असं. प्रती शंभरच छापा, लागल्या तर पुन्हा छापता येतात. वाचवलेल्या पैशांत एक संपादक आणि एक मुद्रितशोधक बघा. मी निवृत्त आहे, त्यामुळे ही जाहिरात नाही. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्याशी करार करताना प्रती किती, हक्क कुणाचे आणि छपाईची फाईल कुणाकडे राहणार, हे कागदावर घ्या. आणि पहिल्या दहा प्रती नातेवाइकांना नव्हे, ग्रंथालयांना द्या.

वाचकांना सांगणं सोपं आहे. फुकट प्रत मागू नका. मित्राचं दुकान असलं म्हणून आपण साखर फुकट आणत नाही. दोनशे रुपये देऊन एक पुस्तक घ्या, वाचा, आणि लेखकाला खरं सांगा. ‘‘छान झालंय’’ हे दोन शब्द वाचल्याशिवायही म्हणता येतात, लेखकाला ते ताबडतोब कळतं. ‘‘तिसरं प्रकरण कंटाळवाणं आहे, पण कसाऱ्याच्या घाटातलं ते पावसाचं वर्णन मी बायकोला वाचून दाखवलं,’’ असं म्हणा. त्या एका वाक्यावर माणूस पुढचं पुस्तक लिहितो, आणि ते चांगलं लिहितो.

दाराजवळ टेबलावर दोन खोके ठेवले आहेत. एकावर कल्याण लिहिलं आहे, दुसऱ्यावर ठाणे. दालनातलं कुठलंही पुस्तक विकत घेताना आणखी एक प्रत घ्या आणि यांपैकी एका खोक्यात टाका. वाचनालयांना विचारून, त्यांना चालतील ती पुस्तकं पोचवण्याचं काम मी आणि आपल्या तुकडीतल्या तिघांनी अंगावर घेतलं आहे. पिवळ्या पुस्तकाच्या दोन प्रती मी आत्ताच विकत घेतल्या. दोन्ही खोक्यांत पहिलं पुस्तक तेच पडलेलं आहे. आता त्यांवर तुमची पडू द्या.