पद्मिनीचं इंजिन उघडताना

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांच्याशी आज इंजिनाच्या बेरिंगांविषयी बोलायचं आहे.

इंजिन तापलेलं असतं, गाडी सिग्नलला थांबते आणि ऑइलचा लाल दिवा मिणमिणू लागतो. जरा रेस दिली की विझतो. बेरिंग झिजल्याची ही पहिली खूण. मग ठोका सुरू होतो. चढावर खालून येणारा जड, दबका ठोका बहुधा मेन बेरिंगचा. आवाज त्याहून कडक असेल आणि एखाद्या प्लगची वायर काढताच मंदावत असेल, तर त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेरिंग, म्हणजे बिगएंड, गेलं समजा. गाडी विकायची असली की काही जण अशा वेळी ठोका दबावा म्हणून जाड ऑइल ओततात. म्हणून जुनी गाडी घेताना चांगली तापवून मगच कान द्यावा.

पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात मेन बेरिंगं तीन, बिगएंड चार. प्रत्येकाला दोन अर्धगोल शेल. खालचं ऑइल चेंबर उतरवून बेरिंगची कॅप सोडली की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, “शेल तेवढी बदलून द्या.” माझा विरोध नेमका इथे आहे. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेरिंगात फिरणारा भाग, लंबगोल झाला असेल, तर नवी शेलही थोड्याच दिवसांत खराब होणार. मायक्रोमीटर उभा लावून मापा, आडवा लावून मापा. फरक भरला, ओरखडे दिसले, की क्रँक ग्राइंडिंगला द्या आणि ग्राइंडरवाल्याने माप सांगितल्यावरच शेल आणा. दहा थाउ, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर कापलं, तर शेलही दहा अंडरसाइझ लागते. आधीच्या मालकाने काय केलं होतं, हे जुन्या शेलच्या पाठीवरचा आकडा सांगतो. कॅप कानशीने घासून बेरिंग ‘टाइट’ करून देणारे मिस्त्री भेटले, तर त्यांना लांबूनच नमस्कार करावा.

ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकांत बारीक कचरा राहतो. तार घाला, रॉकेलने धुवा, हवा मारा. बसवताना शेलची पाठ कोरडी, आतून ऑइल. ज्या जागेची कॅप त्याच जागी, त्याच तोंडाने. एकेक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे अडेल, तिथेच थांबून ती कॅप पुन्हा खोला.

सगळं बांधून झालं, ऑइल भरलं, की लगेच इंजिन सुरू करू नका. प्लग काढून ठेवा आणि लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा, मध्ये त्याला विश्रांती देत. मग प्लग लावा.