गटाचा कॉम्प्युटर: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे



‘ताई, गटासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे, पण कुठला घेऊ?’ हा प्रश्न आता बैठकांमध्ये वारंवार येतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून दुकानदार ‘सगळंच नवीन घ्या’ म्हणतो. पैसा गटाच्या बचतीचा आहे, तेव्हा आधी नीट समजून घेऊ.

विंडोजच्या जागी लिनक्स चालते. फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे लिनक्स तयार केले आहे. लिनक्स मिंट, उबुंटू हे प्रकार फुकट मिळतात. त्यांच्यासोबत लिबरऑफिस येते. त्यात बचतीचे रजिस्टर, कर्जाचे हप्ते, ठराव, मसाल्याच्या पाकिटावरचे लेबल असे सगळे मराठीत करता येते.

पण लिनक्स घ्यायचे तर पार्ट पारखून घ्यावे लागतात. दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा, की आपले काम काय? आपल्या पंचसूत्रीतले पाचवे सूत्र अचूक हिशोब लेखनाचे. त्यासाठी गेम खेळायच्या महागड्या मशीनची गरज नाही.

आता एकेक पार्ट बघू.

पहिला, प्रोसेसर. साधा, ज्याच्या आतच ग्राफिक्स असते असा घ्या. इंटेलच्या चिपच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर आत ग्राफिक्स नसते, वेगळे कार्ड विकत घ्यावे लागते. तो खर्च आपल्याला नको. कालच बाजारात आलेले मॉडेलही नको. वर्ष-दीड वर्ष जुने मॉडेल लिनक्स सहसा लगेच ओळखते.

दुसरा, रॅम. लिनक्स मिंट ४ जीबीवर ठीक चालते, पण ८ जीबी घ्या. ती एकाच पट्टीत घ्या आणि मदरबोर्डवर दुसरी जागा रिकामी राहू द्या. पुढच्या वर्षी पैसे आले की वाढवता येईल.

तिसरा, एसएसडी. इथे मात्र काटकसर नको. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीवर मशीन कितीतरी लवकर सुरू होते. २५६ जीबी आपल्याला पुष्कळ झाले.

चौथा, एसएमपीएस आणि यूपीएस. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. तो कॅबिनेटसोबत फुकट मिळाला म्हणून घेऊ नका, चांगल्या कंपनीचा आणि वॉरंटीचा घ्या. आपल्याकडे पावसात वीज कशी जाते-येते ते मी सांगायला नको. यूपीएस असला की काम सेव्ह करून मशीन बंद करण्याइतका वेळ मिळतो. आणि मशीन जमिनीवर ठेवू नका. २०१८ च्या जुलैत वसई, नालासोपाऱ्यात पाणी किती तुंबले होते ते आठवा. अर्नाळा, रानगावसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा असते. तिथे मशीन खिडकीपासून लांब ठेवा आणि बंद झाल्यावर कापडाने झाका. चालू असताना मात्र कापड काढा, नाहीतर ते तापते.

पाचवा, प्रिंटर. लिनक्सवाल्यांची सर्वात जास्त अडचण इथेच होते. काही प्रिंटरचे ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी असतात. एचपी कंपनी तिच्या बऱ्याच प्रिंटरसाठी लिनक्सचा प्रोग्रॅम स्वतः देते. कुठलाही प्रिंटर घ्या, पण मॉडेल नंबर बघून आधी चौकशी करा. इंटरनेटसाठी शक्यतो वायर लावा. स्वस्त वाय-फाय डोंगल कधी कधी लिनक्सवर चालत नाहीत.

हे सगळे खरे चालते की नाही, ते पैसे देण्याआधी कळू शकते. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन जा. मशीनमध्ये काही न बसवताही ते थेट पेनड्राइव्हवरून चालते. पार्ट जोडून झाले की दुकानातच सुरू करायला लावा. स्क्रीन नीट दिसते का? आवाज येतो का? नेट लागते का? एक पान छापून येते का? साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, मग हे का नको?

मुंबईत कॉम्प्युटरच्या पार्टचा मोठा बाजार लॅमिंग्टन रोडला आहे, ग्रँट रोड स्टेशनजवळ. भाव तिथे जरूर काढा. पण फरक थोडाच असेल तर वसई-विरारच्या दुकानातून घ्या. बिघाड झाला तर कॅबिनेट घेऊन लोकलच्या गर्दीत कोण चढणार? तीन दुकानांची कोटेशन घ्या, बैठकीत ठराव करा, बिल गटाच्या नावावर घ्या. प्रत्येक पार्टची वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घ्या.

एक सावधगिरी. तुमच्या हिशोबनिसाला टॅली लागत असेल, किंवा बँक सखीचे अंगठ्याचे मशीन जोडायचे असेल, तर आधी विचारा. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. तसे असेल तर लिनक्सचा हट्ट धरू नका.

शिकण्याची काळजी करू नका. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून, फुकट आहेत. गटातल्या दोघी-तिघींनी तरी शिका, एकीवरच सगळे सोपवू नका. महिन्याच्या बैठकीनंतर हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या ताईंच्या घरी ठेवा. आणि वही लगेच बंद करू नका. निदान सहा महिने दोन्ही लिहा, आकडे जुळवून बघा.

येत्या बैठकीत कामांची यादी तेवढी करा. कॉम्प्युटरची खरेदी तिथूनच सुरू होते.