लिस्बन : एका दिवसाचे दर्शन
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात किल्लारी येथे दिलेले भाषण)



युरोपात जाऊन आलात, तर चार शब्द सांगा, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक होऊन मास्तरकीत शिरलेले. सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहास्तव आम्ही उभयतांनी स्पेन-पोर्तुगालची सहल केली. नऊ दिवसांत सहा शहरे! पाचांचे वर्णन आज करीत नाही. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिच्या वाट्यास सकाळी नऊ ते सायंकाळी सहा एवढाच वेळ आला होता. तेवढ्याविषयीच बोलावयाचे आहे, कारण ते शहर आपणां किल्लारीकरांचे नात्यातले आहे.

सहलीच्या व्यवस्थापकांनी आम्हांस घड्याळ हाती धरून हाकले. बेलेम येथील जेरोनिमोस मठास चाळीस मिनिटे. तेथे वास्को द गामाची समाधी आहे. १४९८ साली तो कालिकतला पोहोचला, हे वाटाड्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. गोव्यावरील त्यांचा अंमल १९६१ साली संपला, हे मात्र त्याने सांगितले नाही. ते आम्ही सोबत्यांस सांगितले. मास्तरकी सुटत नाही!

आम्हांस पाहावयाचे होते ते निराळेच. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, हे शहर भूकंपाने कोसळले. तो सर्व संतांचा सण होता. माणसे प्रार्थनामंदिरांत जमलेली, वेदीपुढे मेणबत्त्या पेटलेल्या. धरणी हादरली, मागोमाग समुद्र नदीच्या मुखातून शहरात शिरला, आणि उरले ते कित्येक दिवस आगीत जळत राहिले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजावयास चार मिनिटे. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे थकून निजली होती. सण तेथेही होता, येथेही होता.

तेथील राजा जोसे पहिला त्या वेळी शहराबाहेर बेलेमकडे असल्यामुळे बचावला. परंतु दगडी छताखाली निजावयाची त्यास अशी धास्ती बसली, की १७७७ मध्ये मरेपर्यंत तो लाकडी वाड्यातच राहिला. पत्र्याच्या शेडमधील दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या राजाचे हसू येणार नाही.

दुपारी खरेदीसाठी दोन तास मोकळे मिळाले. मंडळी बाजारात गेली. आम्ही उभयता बायशा नावाच्या पेठेतून हिंडलो. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धी पावलेल्या मंत्र्याने ही पेठ जुन्याच जागी, पण सरळ रस्ते आखून नव्याने वसविली. रस्त्यांना धंद्यांची नावे आहेत : सोन्याचा, चांदीचा, जोडे करणारांचा. घरांच्या भिंतींत लाकडाची चौकट असून तीत तिरप्या लाकडांच्या फुल्या आहेत. तिचा नमुना उभारून सैनिकांस त्याभोवती पावले आपटीत चालविले व तो टिकतो की नाही हे पाहिले, असे सांगतात. आपल्या खणाच्या घरांतही लाकूड काही थोडे नव्हते. परंतु खांब-तुळया वेगळ्या, दगडमातीची रुंद भिंत वेगळी, आणि वर माळवदाची माती. अनेक घरांत खांब उभे राहिले आणि भिंती माणसांवर आल्या.

रस्ते आपल्या नव्या गावातही सरळ आहेत. जमिनीच्या मानाने अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण एका गल्लीतले शेजारी गावाच्या तीन टोकांस गेले, हेही खरे.

तेथून चढण चढून कार्मोच्या मठात गेलो. १३८९ साली स्थापन झालेल्या या मठाच्या मंदिराचे छत भूकंपात पडले, ते पुन्हा घातलेच नाही. भर शहरात उंच कमानी तशाच उभ्या असून वर मोकळे आकाश आहे. आमच्या सौभाग्यवती एका दगडावर बसल्या त्या उठेनात. बसची वेळ झाली, हे आम्ही दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या बस.” आपल्या जुन्या गावी स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला आपण तेथे मस्तक नमवितो. पण कोणाचे घर कोठे होते, हे स्तंभ सांगत नाही.

त्या मंत्र्याने आणखी एक काम केले. गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली धाडली : धक्का किती वेळ टिकला, घरे किती पडली, माणसे किती गेली, समुद्र आधी ओसरला की चढला. ती उत्तरे आजही दप्तरखान्यात जपलेली आहेत.

अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने आम्ही जुन्या किल्लारीच्या गल्ल्यांचा एक कच्चा नकाशा आखून आणिला आहे. १९९३ नंतर जन्मलेल्या मुलांना त्यातले काहीच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांची संख्या दर मेळाव्यास घटते. मंडपाच्या उजव्या अंगास टेबलावर नकाशा, पट्टी व पेन्सिली ठेविल्या आहेत. भोजनोत्तर प्रत्येकाने आपले घर, डावीकडचे एक व उजवीकडचे एक, एवढे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोट ठेवावे. आम्ही लिहून घेऊ.